वाकड्या हँडलच्या शोधात

माणसाला धक्का बसायला आभाळच कोसळावं लागतं असं नाही. मला तो सायकलच्या हँडलने बसला, आणि तोही एकरकमी नाही, हप्त्याहप्त्याने. आता सगळं उरकल्यावर बिल्डिंगमधले लोक म्हणतात, "अहो, तुम्ही आधी चार लोकांना विचारायचं होतंत." मी ज्यांना आधी विचारलं होतं, तेच हे चार लोक.

सुरुवात एका फोनने झाली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून तिचा फोन रोज येतो, पण तो आईला येतो. माझ्या वाट्याला शेवटचं "बाबाला दे जरा" येतं, आणि तेही विमा, बँक असलं काही अडलं तरच. त्या दिवशी मात्र तिने फोन लागल्या लागल्या मला मागितलं. म्हणाली, "बाबा, मी सुट्टीला येतेय. आपण दोघंच सायकलने तलावापर्यंत जाऊन येऊ. तू माझी जुनी सायकल घे, मी तिथे एखादी भाड्याने बघते. येशील ना?"

"बघू, वेळ काढतो," मी म्हणालो. बापाने एकदम हो म्हणून आपली किंमत कमी करून घेऊ नये, अशी माझी समजूत आहे. फोन ठेवल्यावर मी कारण नसताना गच्चीवर जाऊन आलो. ती गेल्यापासून तिने आईकडे शंभर गोष्टी मागितल्या असतील, माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच. ती आपल्या हातून नीट व्हावी असं मला फार वाटत होतं.

पाठोपाठ तिने तिकडच्या सायकलवाल्या मित्रमंडळींचा फोटो पाठवला आणि मला पहिला धक्का बसला. सगळेच्या सगळे जमिनीला समांतर वाकलेले. सायकलींची हँडलं मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली, आणि त्यांना धरून सगळ्यात पुढे आमची लेक. ही मुलगी इथे असताना स्वतःची चप्पल उचलायलासुद्धा वाकत नव्हती. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. इतक्या वेगाने जाणाऱ्या मुलीबरोबर मी तिच्या जुन्या, जाड चाकांच्या, सरळ हँडलच्या डोंगरी सायकलवरून गेलो, तर तलावाजवळ पोचेपर्यंत ती परत निघालेली असेल. आम्हा बापलेकीची भेट वाटेत कुठेतरी व्हायची.

तेव्हा मी ठरवलं की सायकलचं हँडल बदलायचं. शिंगांचं बसवायचं. बाकी सगळं तेच.

"तिलाच विचारा ना कुठलं घ्यायचं ते," ही म्हणाली.

"तिला सांगायचं नाही. चकित करायचंय."

"मग मला तरी विचारा."

"तुला सायकलमधलं काय कळतं?" असं मी म्हणालो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. ही विसरलेली नाही. आमच्या घराण्यात ज्याला माहीत आहे त्याला वगळून बाकी सगळ्या गावाला विचारण्याची पद्धत आहे, आणि मी ती पुढे चालवली.

तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. कशातही ते "माझा अनुभव सांगतो" म्हणून सुरुवात करतात, म्हणून बिल्डिंगमध्ये त्यांना अनुभवी म्हणतात. त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "माझा अनुभव सांगतो. नवं कशाला घेता? आहे तेच तापवून वाकवून घ्या. आमच्या पाण्याच्या नळाचं मी असंच केलं होतं." त्यांच्या नळाला तेव्हापासून पाणी येत नाही, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या काकू कुंड्यांना पाणी घालता घालता म्हणाल्या, "वाकडं हँडल मानेला वाईट हो. आमच्या ह्यांची मान गेली ना." काका जन्मात सायकलवर बसले नव्हते. त्यांची मान दुसऱ्यांच्या खिडकीत बघून गेली होती, पण ते काकूंना कोण सांगणार.

हे चाललेलं असताना सेक्रेटरी तिथे आले आणि दुसरा धक्का बसला. आमचे सेक्रेटरी सरळ मनाचे आहेत, पण त्यांच्या खिशात मोजपट्टी असते.

"सायकलमध्ये बदल करताय असं कळलं. जिन्याखालची जागा तुम्हाला हँडलच्या रुंदीवरून दिलेली आहे. नवं हँडल केवढं?"

"उलट लहान आहे," मी मोठ्या ऐटीत म्हणालो. "चांगली वीतभर जागा कमी लागेल."

नाही ते बोललो. माझा समज असा की जागा कमी लागली तर सोसायटीला आनंद होतो. सेक्रेटरींचा चेहरा गंभीर झाला. "मग ती उरलेली वीत कोणाची?" त्यांनी विचारलं. माझ्या सायकलच्या डाव्या अंगाला अनुभवींची स्कूटर असते आणि उजव्या अंगाला काकूंच्या कुंड्या. दोघांनीही पाच मिनिटांपूर्वी मला फुकट सल्ला दिला होता. आता त्या वितीसाठी ते एकमेकांकडे असे बघू लागले की मला माझंच हँडल नकोसं झालं. "या विषयावर सभा घ्यावी लागेल," सेक्रेटरी म्हणाले. सभा होईपर्यंत सायकल जिन्याखाली ठेवायची नाही, असंही ठरलं. म्हणजे हँडल घरात यायच्या आधी सायकल बेघर झाली. ती आमच्या हॉलमध्ये सोफ्याला टेकून राहू लागली आणि ही तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागली.

मी सायकलच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने मला इतके प्रश्न विचारले, की मुलगी दाखवताना मुलाकडचेही विचारत नाहीत. हँडल खाली किती उतरायला हवं, पुढे किती जायला हवं, टोकं बाहेर फाकलेली हवीत का, मधली जाडी किती. मी म्हणालो, "साधारण वाकडं दाखवा." त्याने एक काढलं आणि किंमत सांगितली. मी विचारलं, "सायकल कुठे आहे याची?" तो म्हणाला, "ही नुसत्या हँडलची." मी हँडल खाली ठेवलं, हात खिशात घातले आणि घरच्यांना विचारून येतो म्हणून बाहेर पडलो.

ही बातमी मेहुण्यापर्यंत गेली. आमच्या हिचा भाऊ कुठल्याही संकटात हजर असतो. संकट आधीपासून असावंच लागतं असं नाही. संध्याकाळी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. "भाऊजी, मला एक शब्द टाकायचा होतात. ऑफिसातल्या एकाकडे पडलं होतं. एक पैसा घेतला नाही त्याने." आत शिंगांचं हँडल होतं. जुनं, पण घासून पुसून चकचकीत केलेलं.

इथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मध्यमवर्गीय माणूस विकत घेतलेल्या वस्तूच्या चुका काढू शकतो, फुकट मिळालेल्या वस्तूच्या नाही. विकतची वस्तू बसली नाही तर आपण ती परत करतो. फुकटची बसली नाही तर ती बसेपर्यंत बाकीचं जग बदलतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं. इथे तर कोंबडीही दान म्हणून आली होती.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला सगळे जमवूशेठ म्हणतात, कारण "जमवू की" याखेरीज दुसरं उत्तर त्याने आजवर कोणाला दिलेलं नाही. त्याने सरळ हँडल काढून माझ्या हातात दिलं. मी ते घरी आणलं, हिने जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. आमच्याकडे काही फेकत नाहीत.

नवं हँडल मधे बारीक निघालं. त्याला धरणारा तुकडा, ज्याला हे लोक स्टेम म्हणतात, तो होता जाड. "जमवू की," म्हणत त्याने डब्याचा पत्रा कापून मधल्या फटीत सारला आणि मला चक्कर मारून यायला सांगितलं. मी बिल्डिंगपर्यंत दिमाखात आलो. फाटकाशी काकू उभ्या होत्या. त्यांच्या समोर येऊन मी जरा भार टाकला, तर हँडल फिरलं आणि खाली गेलं. त्याच्याबरोबर मीही गेलो. माझं कपाळ काकूंच्या पावलांपासून हातभर अंतरावर थांबलं.

"असू दे, असू दे," काकू मागे सरकत म्हणाल्या. "मोठे व्हा."

काकू माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. मी तसाच उठलो आणि सायकल हातात धरून परत गेलो. नवा स्टेम घ्यावा लागला. जुना माळ्यावर गेला.

मग कळलं की जुने ब्रेकचे दांडे या वळणदार हँडलवर चढतच नाहीत. नवे दांडे घेतले, जुने माळ्यावर. नवे दांडे चढले, पण त्यांनी जुने ब्रेक पुरते ओढले जाईनात. हे मला कसं कळलं? फाटकावर सेक्रेटरींनी नुकतीच एक पाटी लावली होती, "येथे सायकली टेकवू नयेत." मी ब्रेक दाबला आणि थेट त्या पाटीला जाऊन टेकलो. रंग ओला होता. पुढे आठवडाभर माझ्या शर्टावर "वू नयेत" उलटं वाचता येत होतं.

नवे ब्रेक आणले, तर ते जाड चाकांवरून जाईनात. बारीक चाकं आणली, तर ती जुन्या सांगाड्यात इतकी सैल बसली की ब्रेकचं रबर चाकापर्यंत पोचेना. गिअरचा विषय मी इथे काढतच नाही, त्याने माझ्या तोंडून असे शब्द काढले की ही आतून बाहेर आली. दर खेपेला मी जमवूशेठला विचारायचो, "आता झालं ना?" आणि तो म्हणायचा, "एवढं एक जमवलं की झालं." दर खेपेला एक गाठोडं माळ्यावर चढायचं. चाकं माळ्यावर मावली नाहीत म्हणून ती कपाटामागे गेली.

शेवटी, लेक यायच्या आदल्या दिवशी, जमवूशेठने छताला टांगलेला एक सांगाडा दाखवला. "याला सगळं बरोब्बर बसतं बघा. सीट, पायडल, चेन याची त्याची आहे. ते जुनं धूड राहू द्या." छताला टांगलेली वस्तू केवढी आहे याचा अंदाज येत नाही. मी हो म्हणालो. संध्याकाळी जोडून तयार झालेली सायकल त्याने रस्त्यावर आणली आणि खरंच सगळं बरोब्बर बसलं होतं. मी सोडून. सीटवर बसलो तर माझे दोन्ही पाय हवेत, पोट नळीवर आणि हनुवटी हँडलवर. तो सांगाडा माझ्यापेक्षा चांगल्याच उंच माणसाचा होता.

पण खरा धक्का त्यानंतरचा. मी खाली उतरलो, हात पुसले आणि सहज विचारलं, "यात आमच्या लेकीच्या सायकलचं काय राहिलंय हो?"

जमवूशेठ सायकलभोवती फिरला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"घंटी," तो म्हणाला.

लेक कॉलेजला लागली तेव्हा तिला ती सायकल घेतली होती. घरी येताना ती कोपऱ्यावर दोनदा घंटी वाजवायची, आणि ती ऐकून ही चहा टाकायची. ती गेल्यापासून सायकल जिन्याखाली उभी होती, आणि येताजाता तिच्याकडे बघितलं की मला बरं वाटायचं. तिने मला म्हटलं होतं, तू माझी जुनी घे. आणि मी ती आठवडाभरात मोडून माळ्यावर टाकली होती, तीही तिला चकित करायला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. बॅग टाकली, आईला मिठी मारली आणि हॉलमध्ये वळून उभी राहिली. सोफ्याला ती उंच, शिंगांची सायकल टेकलेली होती.

"ही कुणाची?"

"तुझी," मी म्हणालो.

"माझी कुठाय?"

मी चष्मा पुसायला घेतला. माळ्याकडे बोट करायचा धीर होईना. ही स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "वर आहे. चाकं कपाटामागे. सांगाडा पलंगाखाली."

मग मी सगळं सांगितलं. फोटो, वीत, मेहुणा, पत्रा, काकू. लेक सोफ्यावर बसून ऐकत होती आणि तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. मी शेवटी म्हणालो, "मला मागे राहायचं नव्हतं गं. तू एवढी वाकून जाणार, आणि मी मागून धापा टाकत येणार. म्हटलं, निदान हँडल तरी तसं असावं."

"अरे बाबा," ती म्हणाली, "मी इथे मुद्दाम सरळ हँडलची, जड सायकल भाड्याने घेणार होते. तुझ्या बरोबरीने जाता यावं म्हणून. मला काय तुझ्याशी शर्यत लावायची होती? तिकडे वाकून वाकून मला नुसता रस्ता दिसतो. मला तुझ्याशी बोलत बोलत जायचं होतं. आईला म्हटलं होतं मी."

मी हिच्याकडे पाहिलं. आजवरच्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा होता.

"तुला माहीत होतं?"

"मला सायकलमधलं काय कळतं?" ही म्हणाली आणि परत आत गेली.

दुपारभर लेकीने हॉलमध्ये चादर पसरून जुनी सायकल जोडली. माळ्यावरून एकेक गाठोडं मी उतरवत होतो आणि प्रत्येकातून योग्य तो तुकडा निघत होता. स्क्रूसुद्धा हिने काड्यापेटीत घालून ठेवले होते. सांगाडा, चाकं, ब्रेक, दांडे, स्टेम आणि सगळ्यात शेवटी सरळ हँडल. संध्याकाळपर्यंत सोफ्याला दोन सायकली टेकल्या. मेहुणा बघायला आला, म्हणाला, "भाऊजी, म्हणजे माझ्या हँडलमुळे एक अख्खी सायकल जास्तीची झाली की." त्याला मी चहा दिला. दुसरं काय देणार. लेक त्या उंच सायकलवर बसली तर ती तिला शिवून घेतल्यासारखी झाली. ती माझ्याहून वीतभर उंच आहे, हे मी तेव्हा नीट पाहिलं.

सकाळी आम्ही दोन्ही सायकली खाली उतरवल्या. सेक्रेटरींनी जुनं सरळ हँडल पाहून मोजपट्टी काढली, मोजलं, आणि वीत जिथल्या तिथे असल्याचं जाहीर केलं. सभा रद्द झाली. अनुभवी आणि काकू दोघंही थोडे नाराज दिसले. दुसऱ्या सायकलबद्दल मग बघू, असं सेक्रेटरी म्हणाले तोवर आम्ही फाटकाबाहेर पडलो होतो.

तर एवढं सगळं करून मी पहिल्या दिवशी जिथे होतो तिथेच, त्याच सायकलवर, त्याच सरळ हँडलला धरून निघालो. लेक शिंगांच्या हँडलवर. मला वाटलं, आता ही वाकेल आणि दिसेनाशी होईल. मी मनाची तयारी केली होती.

ती वाकली नाही. शिंगांच्या हँडलला वरच्या बाजूला, मधोमध, एक सरळ भाग असतो. इतके दिवस ते हँडल मी हाताळलं, पण त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तलावापर्यंत आणि तिथून परत, ती तोच भाग धरून ताठ बसली होती, माझ्या शेजारी. ऑफिसात तिचं पटत नाही ते तिने सांगितलं, तिथे रात्री एकटीला जेवायचा कंटाळा येतो ते सांगितलं, आणि हे आईला सांगू नको असंही सांगितलं. मला आईच्या आधी काही कळण्याची ही पहिलीच वेळ होती. मी काही सल्ला दिला नाही. चढावर मला धाप लागली तेव्हा ती बोलायची थांबली, आणि धाप कमी झाल्यावर पुढे सुरू झाली.

"खाली वाकून धर की," मी एकदा म्हणालो. "एवढ्या खटपटी केल्या मी त्याच्यासाठी."

"वाकले की तू दिसत नाहीस," ती म्हणाली.

घराजवळच्या कोपऱ्यावर तिने एक हात सोडला आणि दोनदा घंटी वाजवली. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत ही आली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत वळली.